एक, दोन आणि एकतीस

“मॅडम, आज चौदा तारीख आहे.”

दुकानदार एवढंच म्हणाला. आवाज चढवला नाही, कुत्सित हसलाही नाही. पण मी जिथे टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकवतो त्या वर्गातल्या ताई संध्याकाळी आल्या त्या नेहमीची पुढची खुर्ची सोडून थेट मागे, पंख्याचं वारं पोहोचत नाही त्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. वर्ग सुटल्यावर खुर्च्या एकावर एक रचताना त्यांनी सगळं सांगितलं. पेठेतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात हिशेब लिहायला माणूस हवं होतं. मुलाखत कसली, मालकाने कॉम्प्युटर पुढे केला आणि म्हणाला, हे आजचं बिल, टाकून दाखवा. दोन डझन बिजागऱ्या आणि पाच किलो खिळे. ताईंनी एफ-८ दाबून विक्रीचं व्हाउचर, म्हणजे नोंदीचं पान, उघडलं, एफ-२ दाबून तारखेवर गेल्या आणि सवयीने टाकली १. तेव्हा मालक ते वाक्य बोलला. ताईंनी पुन्हा एफ-२ दाबलं आणि टाकली २. “हात पुढे जाईचना, सर. मला वाटलं, चौदा ते घेणारच नाही.”

नोकरी मिळाली नाही. ती या एका कारणाने गेली असंही नसेल. त्याच दिवशी आणखी तिघी येऊन गेल्या होत्या म्हणे. पण मला काही त्या रात्री धड झोप लागली नाही. चौदा तारीख ‘घेत नाही’ हे त्यांना मीच तर शिकवलं होतं.

टॅली ज्यांनी विकत घेऊनच वापरलं त्यांना हा घोळ कळणार नाही. लायसन्स नसेल तर ते एज्युकेशनल मोडमध्ये चालतं. पैसे पडत नाहीत, मुदत संपत नाही, वरच्या कोपऱ्यात नावापुढे ‘ईडीयू’ अशी तीन अक्षरं दिसतात, बाकी लेजर, व्हाउचर, ताळेबंद सगळं तसंच. अडसर फक्त तारखेचा. व्हाउचर टाकायचं तर महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखांना. मधल्या दिवसांना दारच नाही. मग आम्ही मास्तर लोक काय करतो, तर पुस्तकातलं उदाहरण घेतो आणि तारखा वाकवतो. ५ एप्रिलला माल घेतला, तो १ला. १२ला रोखीने विकला, तो २ला. माझ्या टिपणवहीत अशा खोडलेल्या तारखांची पानंच्या पानं आहेत. त्या कागदावरच्या गावात दूधवाला, घरमालक, वीजबिल, हमाल, विम्याचा एजंट सगळे पहिल्या दोन दिवसांत येऊन आपापले पैसे घेऊन जातात, मग महिनाभर कुणी शिंकतसुद्धा नाही आणि ३१ला पगार, घसारा आणि बँकेचं व्याज एकदमच अंगावर येतं. वर्गातल्या एका काकूंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, “सर, दोन तारखेला लाइट बिल भरणारा माणूस तुम्ही बघितलाय का?” सगळे हसले, मीही हसलो. आणि खरी गंमत पुढेच आहे. हिशेबनिसाचा महिना ज्या दिवसांवर टांगलेला असतो ते दिवस कुठले? ७ला टीडीएस भरायचा, ११ला जीएसटीआर-१ हे जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र, १५ला पीएफ, २०ला जीएसटीचंच थ्री-बी. त्यातला एकही आमच्या वर्गाच्या कॅलेंडरात नाही.

माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. त्यांच्या बोटांची टोकं पिवळी असत, आणि सदऱ्याच्या बाह्यांना हळदीचा तो कडवट, मातकट वास असे जो आईने कितीही धुतला तरी जात नसे. वह्यांच्या शिवणीतसुद्धा हळद बसलेली. लाल कापडाच्या बांधणीची खतावणी उघडून आपटली की मांडीवर पिवळी रेघ उमटायची. शाळा सुटली की मी गादीच्या कडेला बसायचो. दादा शेतकऱ्याची पट्टी करत असायचे: पोती किती, वजन किती, दर काय, त्यातून हमाली, तोलाई, अडत वजा. तोंडाने पुटपुटत, बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत. कीर्द मात्र निःशब्द लिहायची. अमावास्येला यार्ड बंद, सौदे बंद, दमडीचा व्यवहार नाही; तरी त्या दिवसाचं पान असायचं. वर तारीख, तिथी, खाली आडवी रेघ. मी एकदा विचारलं, काही झालंच नाही तर लिहायचं कशाला? ते म्हणाले, “दिवस झाला ना?”

खोडरबर त्या दुकानात नव्हताच. चुकलं तर अंकावर एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, वर बरोबर अंक आणि बाजूला सही. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी नोंदीतला प्रत्येक बदल टिपून ठेवणारंच सॉफ्टवेअर वापरलं पाहिजे असा नियम आला, तेव्हा त्यावरचं व्याख्यान ऐकताना मला दादांची ती आडवी रेघ आठवत होती. एका दिवाळीच्या आधी त्यांची तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे-जमेची बेरीज, चाळीस पैशांनी जुळेना. रात्रीचे साडेदहा झाले, आईने दोनदा माणूस पाठवला, शेवटी शेठच म्हणाले, दिवाणजी, टाका चाळीस पैसे खिशातून आणि उठा. दादा चष्मा वर करून म्हणाले, “टाकतो की. पण ते लिहू कुणाच्या नावे?” चूक पहाटे सापडली, एका पट्टीतली तोलाई दोनदा लागली होती.

मी मात्र वहीवर शिकलो नाही. २००६ साली, एका हॉटेलच्या वरच्या माडीवर, खालून येणाऱ्या वड्याच्या तेलाच्या वासात टॅली शिकलो. क्लासचं नाव घेत नाही. आमचे सर शर्टाच्या खिशात एक सीडी घेऊन फिरायचे, तिच्यावर मार्करने लिहिलेलं: ‘टॅली ७.२ फुल’. त्या ‘फुल’चा अर्थ मला पुढे दोन-तीन वर्षांनी उमगला. ती सीडी दहा मशिनांवर चढायची आणि विद्यार्थ्याने फार गळ घातली तर त्याच्या घरच्या मशिनवरही. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. कॉम्प्युटर विकत घ्यायचा असतो आणि त्याच्या आतलं सगळं ‘टाकून घ्यायचं’ असतं, अशीच तेव्हा गावाची समजूत होती. त्या चोरीच्या टॅलीवर मी जानेवारीच्या ३१ आणि फेब्रुवारीच्या २८ दिवसांत मनसोक्त हिंडलो. १४ तारखेला खरेदी केली, १७ला परत केली, २३ला चेक वटला नाही म्हणून उलटी नोंद केली. पुढे सीएच्या ऑफिसात लागलो तेव्हा तारखेपाशी माझा हात कधी अडखळला नाही. मुलांची शिक्षणं, घराचे हप्ते, सगळं त्या सीडीवर उभं आहे म्हटलं तरी चालेल.

चोरून शिकलो त्याला पुरा महिना मिळाला. सरळ मार्गाने शिकणाऱ्या ताईंना तीन दिवस.

हे मनात आलं आणि अंथरुणावर उठून बसलो. कंपनीला बोल लावावा तर मन धजत नाही. हे सॉफ्टवेअर १९८६ साली बेंगळुरूत एका बापलेकांच्या गरजेतून निघालं. वडील श्यामसुंदर गोएंका यांना स्वतःच्या धंद्याचा हिशेब ठेवायला धड साधन मिळेना, म्हणून गणित शिकलेल्या मुलाने, भरत गोएंका यांनी ते लिहिलं. त्यांना २०२० साली पद्मश्री मिळाली. खात्याला आकड्यांचा कोड लावत बसायची गरज नाही, ‘रमेश किराणा’ म्हणजे ‘रमेश किराणा’च, हा त्यातला साधेपणा दिवाणजीला कळेल असा होता, म्हणून तर ते यार्डापर्यंत पोहोचलं. वर्षानुवर्षं गावोगाव चोऱ्या झालेल्या माणसाने दाराला कडी लावली तर त्याला आपण काय म्हणणार? आणि कडी लावूनही खिडकी उघडी ठेवलीये, फुकट शिका म्हणून. त्या खिडकीतून तीनच दिवस दिसतात, एवढंच.

मग पैशांचा हिशेब मांडला. मांडायचा नाही असं ठरवूनही मांडला, सवय. मी चौकशी केली तेव्हा एका मशिनचं कायमचं लायसन्स २२,५०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २६,५५०. जाळ्यात जोडलेल्या सगळ्या मशिनांना चालेल असं गोल्ड ६७,५००, करासकट ७९,६५०. आमचा वर्ग म्हणजे एका संस्थेच्या मागच्या दोन खोल्यांपैकी एक, देणगीत आलेली सहा मशिनं, त्यातल्या एकाचा ‘ए’ दाबला की दोनदा उमटतो. बारा शिकणारे, तीन महिन्यांची फी माणशी १,५००. सगळी फी धरली तरी १८,०००. त्यात वीजबिल आणि इन्व्हर्टरचं पाणी. माझं मानधन मी सोडलंय, त्याचा मोठेपणा नको. रिटायर माणसाला संध्याकाळी कुठेतरी जायला जागा लागते. तर अशा ठिकाणी ७९,६५० हा आकडा फळ्यावर लिहिला की तो पुसल्यावरसुद्धा दिसत राहतो.

वर्गातल्या एकीचा भाचा पेनड्राइव्ह घेऊन आला होता मध्यंतरी. “दोन मिनिटांचं काम आहे, सर. फुल होईल.” तोच शब्द! मी नाही म्हणालो. आणि खरं सांगायचं तर तत्त्व वगैरे काही डोक्यात नव्हतं. संस्थेच्या नावावर नोटीस आली तर विश्वस्तांना काय तोंड दाखवू ही भीती होती. तो पोरगा खांदे उडवून गेला. त्याची मावशी मात्र पुढचे चार दिवस माझ्याशी जरा तुटकच बोलली.

शेजारच्या खोलीत शिवणाचा वर्ग भरतो. आमच्याकडे नुसती कीबोर्डची टकटक आणि पंख्याची कुरकुर, तिकडून मशिनांची घरघर, मधूनच कात्री टेबलावर आपटल्याचा आवाज. मोठ्या माणसांना दिवसभराच्या कामानंतर काही शिकवायचं ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. मुंबईत १९६७ साली कामगारांसाठी पहिलं श्रमिक विद्यापीठ निघालं, त्याच योजनेचं २००० साली जन शिक्षण संस्थान झालं. शिवण, पार्लर, वायरिंग हे कोर्स तेव्हापासून चालत आलेले. पण त्यातलं कुठलं हत्यार शिकणाऱ्याशी आणि कमावणाऱ्याशी वेगळं वागतं? शिवणयंत्र काही असं म्हणत नाही की तू अजून शिकतेयस, तेव्हा मी फक्त बाहीच शिवीन, कॉलर आला की थांबीन. जुनं असेल, दोरा तोडत असेल, पण त्याच्यावर शिवलेलं पोलकं अंगात घालता येतं. शिवणाच्या बाई तर पहिल्या महिन्यापासून बाहेरची फॉल-पिकोची कामं मुलींकडून करून घेतात, त्यात धाग्याचा खर्च निघतो. आमच्या वर्गातलं एकही पान बाहेर कुणाच्या कामाचं नाही.

चौदा तारखेच्या त्या प्रकारानंतर मी एक उद्योग केला. जीएनयूकॅश नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, १९९८ पासून चालत आलेलं, एक पैसा न देता घ्यावं आणि हव्या तेवढ्या मशिनांवर टाकावं, कायद्याने. शनिवारी एकटाच जाऊन सहाही मशिनांवर टाकलं. सोमवारी वर्गाला सांगितलं, आज कुठलीही तारीख चालेल. हार्डवेअरच्या दुकानातून परत आलेल्या त्या ताई एका बचत गटाच्या सचिव. दर महिन्याच्या १०ला बैठक, उशिरा येणारीला पाच रुपये दंड, कर्जावरचं व्याज वेगळं, आणि हे सगळं गेली अकरा वर्षं त्या एका शाळकरी वहीत लिहितात. नावे-जमा त्यांना माझ्याइतकंच कळतं. त्यांनी गटाची वहीच आणली आणि एप्रिलच्या १०पासून नोंदी टाकत सुटल्या. अर्ध्या तासाने हाक आली. “सर, हे इमबॅलन्स कोण?”

या सॉफ्टवेअरची तशी रीतच आहे. दोन बाजू जुळल्या नाहीत तर ते अडून बसत नाही. उरलेला फरक ‘इमबॅलन्स-आयएनआर’ नावाच्या खात्यात टाकतं आणि पुढे जातं. टॅली बेरीज जुळल्याशिवाय व्हाउचर पुढे सरकू देत नाही. मी समजावून सांगत होतो आणि मनात दादा होते. चाळीस पैसे लिहायचे कुणाच्या नावे, याचं उत्तर परदेशातल्या कुणा प्रोग्रामरने काढून ठेवलं होतं. दादांना ते पटलं नसतं. ताईंनाही पटलं नाही. साठ रुपयांचा तो फरक शोधून, ते खातं शून्यावर आणूनच त्या उठल्या. शिवणाचा वर्ग कधीच सुटला होता, वॉचमन किल्ल्या वाजवत उभा.

हिशेब शिकायला ते सॉफ्टवेअर सरस आहे, हे मी आजही म्हणेन. पण दोनच आठवड्यांत कुजबुज सुरू झाली. जीएसटीचं बिल त्यात आपल्या पद्धतीने निघत नाही. १ जुलै २०१७ नंतर तर या गावात हिशेब म्हणजे जीएसटी. मुंबईत तयार झालेलं ईआरपीनेक्स्टही मुक्त आहे, त्यात जीएसटी आहे, पण ते आमच्या देणगीतल्या मशिनांना झेपेना. आणि झेपलं असतं तरी पुढचा प्रश्न होताच. काकू वर्तमानपत्राची घडी घेऊन आल्या आणि छोट्या जाहिरातींवर बोट ठेवलं: ‘टॅली येणे आवश्यक. पगार मुलाखतीनंतर.’ त्याखाली आणखी एक, त्याखाली आणखी एक. “सर, तुमचं ते चांगलं असेल हो. पण यात त्याचं नाव कुठाय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्याकडे माणसं ‘हिशेब येतो का’ असं विचारतच नाहीत, ‘टॅली येतं का’ असं विचारतात. शाळेत आम्ही गणिताचा ताळा करून बघायचो. आता मुलंसुद्धा म्हणतात, टॅली करून बघ.

शेवटी तोडगा काकूंनीच काढला, तोही भिशीच्या धर्तीवर. टॅली महिन्याच्या भाड्यानेही मिळतं, एका मशिनला ७५० रुपये, करासकट ८८५. बारा जणांनी पंच्याहत्तर काढले, झाले नऊशे. उरलेले पंधरा ‘किरकोळ शिल्लक’ म्हणून काकूंच्या रुमालात. कोर्सच्या शेवटच्या महिन्यापुरतं, एकाच मशिनवर, ज्याचा ‘ए’ शाबूत आहे त्या. रोज प्रत्येकीला दहा मिनिटं. पहिल्या संध्याकाळी त्या मशिनभोवती जी गर्दी झाली ती मी विसरणार नाही. कोपऱ्यातली ‘ईडीयू’ ही अक्षरं गेली होती. कुणीतरी स्क्रीनवर बोट ठेवून ती जागा चाचपून पाहिली. मी उदाहरणाचा कागद तयार ठेवला होता, पण तो कुणी घेतलाच नाही. एकीने मुलाचा वाढदिवस टाकला, १९ ऑगस्ट, केक खर्च ४५० रुपये. एकीने गॅसची टाकी, २६ तारीख. हार्डवेअरवाल्या ताईंची पाळी सातवी. त्यांनी एफ-८ दाबलं, एफ-२ दाबलं, १४ टाकलं, आणि कीबोर्डवरून हात उचलून मांडीवर ठेवले. तारीख वर गेली. मग सावकाश खाली लिहिलं: बिजागरी, दोन डझन. खिळे, पाच किलो.

दुसऱ्या महिन्याचं भाडं कुणी काढलं नाही. कोर्स संपला होता, दिवाळी तोंडावर होती. आता नवी तुकडी आहे, नवे बारा, आणि मी पुन्हा पुस्तकातल्या तारखा वाकवतोय. शेवटच्या महिन्यात पुन्हा पंच्याहत्तर मागावेत की फीतच धरावेत, हे ठरवायचंय. फीत धरले तर दोघीतिघी येणार नाहीत, हेही माहीत आहे.

परवा ताईंचा फोन आला. खत-बियाण्यांच्या एका दुकानात लागून दोन महिने झालेत. मी पहिलं काय विचारलं असेल? तारखा जमतात ना व्यवस्थित? त्या इतक्या जोरात हसल्या की मी फोन कानापासून लांब धरला. म्हणाल्या, “अहो सर, इथे कुणी रोजचं रोज लिहितच नाही. मालक महिनाभर सगळ्या पावत्या खताच्या रिकाम्या पिशवीत टाकतात. एक-दोन तारखेला जुनी उधारी वसूल होते तेवढी लिहायची, आणि मग एकदम एकतीसला ती पिशवी माझ्या टेबलावर उलटी करतात. मला म्हणाले, जमेल का? म्हटलं, मला तर तेच येतं.”